मालकाकडून भेट

धायरीचा फ्लॅट विकायचं ठरलं त्या रात्री बायकोने वहीत एक छोटा हिशेब मांडला. अपेक्षित किंमत ५२ लाख, दलाली दोन टक्के, म्हणजे १ लाख ४ हजार. आकड्याखाली तिने दोन रेघा ओढल्या, वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "एवढ्या पैशात तो करणार काय? कुलूप उघडणार, 'हा हॉल, हे किचन' म्हणणार आणि परत कुलूप लावणार. किचन कुठलं ते लोकांना ओट्यावरून कळतंच की!"

मुद्दा बिनतोड होता. एजंट नको, आपणच पाट्या लावू, असं ठरलं आणि मी पाटी लिहायला बसलो.

पुणेकराला पाटी लिहायला शिकवावं लागत नाही, हा समज किती फसवा आहे ते मला त्या रविवारी कळलं. आमच्या पाट्यांची सगळी परंपरा माणूस लांब ठेवण्याची. गाडी लावू नका, फुलं तोडू नका, बेल दोनदा वाजवू नका, पत्ता विचारू नका. पिढ्यान्‌पिढ्या याचा सराव. पण 'या' असं लिहायची वेळ आली की हात अडखळतो. तासाभराच्या खटपटीनंतर माझ्याकडून जे उतरलं ते असं: 'फ्लॅट विकणे आहे. खरोखर घेणाऱ्यांनीच फोन करावा. किंमत कमी होणार नाही, विचारल्यास वाढेल. नुसते पाहायला येणाऱ्यांनी सिंहगडावर जावे, तो याच रस्त्याने पुढे आहे.'

बायकोने वाचलं. "अहो, फ्लॅट विकायचाय की राखायचाय?" मग थोडं थांबून, "तुमच्याच्याने नाही व्हायचं. हे काम बाहेर द्या."

काम बाहेर देण्याला आमच्या घरात दीर्घ परंपरा आहे. दळण बाहेर जातं, इस्त्री बाहेर जाते, अलीकडे दिवाळीच्या चकल्याही जातात. फक्त त्या बाहेरच्या आहेत हे बाहेर सांगायचं नसतं. त्यामुळे पाटी बाहेर देण्यात मला काही गैर वाटलं नाही. शिवाय चार-सहा हजारांत आटपेल असा अंदाज होता.

फ्लेक्सच्या दुकानात शिरताच मालकाने मान वर न करता विचारलं, "वाढदिवस का दशक्रिया?"

"फ्लॅट," मी म्हणालो.

"वास्तुशांत?"

"विकायचाय."

आता त्याने मान वर केली. "मग फोटो कुणाचा टाकायचा?"

त्याची अडचण खरी होती. त्याच्या संगणकात फाइल उघडली की वरच्या रांगेत नेत्यांसाठी गोल, मध्ये भाऊंसाठी उभी जागा आणि खाली शुभेच्छुकांसाठी दोन रांगा आपोआप यायच्या. या साच्यात माझा फ्लॅट बसेना. शेवटी त्याने मधल्या जागी, भाऊंच्या थाटात, आमची २००४ सालची चार मजली बिल्डिंग उभी केली. वरच्या गोलांत पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग आले, प्रत्येकाच्या मागे प्रभावळ. शुभेच्छुकांच्या जागी शाळा, दवाखाना, बसस्टॉप आणि भाजी मंडई. पाण्याच्या टाकीला इतकं तेजस्वी मी कधी पाहिलं नव्हतं.

"फ्लेक्स नको काका," तो म्हणाला, "एका वाऱ्यात फाटतो. सनपॅक घ्या. इलेक्शनला हेच चालतं." सनपॅक म्हणजे पुठ्ठ्यासारखा, आतून पोकळ नळ्या असलेला प्लॅस्टिकचा पत्रा. वजनाला हलका, पावसाला दाद देत नाही आणि नळीतून तार ओवली की खांबाला बांधता येतो. दोन बाय तीन फुटांच्या ४० पाट्या, १५० रुपयांना एक, एकूण ६,०००. वीस पाट्यांवर डावीकडचा बाण, वीसवर उजवीकडचा. ही बाणांची कल्पना माझी होती आणि तिचा मला अभिमान होता.

मजकूर मी व्हॉट्सॲपवर पाठवला: '२ बीएचके फ्लॅट विकणे आहे. मालकाकडून थेट. एजंट नको.' त्याने तो उचलून कोरलमध्ये चिकटवला आणि पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग उभी राहिली. त्याच्याकडचे देखणे टाइप सगळे श्रीलिपीतले, माझा मजकूर युनिकोडमधला. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. मराठी माणसांचं कुठल्याही गोष्टीत कधी एकमत झालंय की लिप्यांमध्ये व्हावं! "असू द्या, मी टाइप करतो," तो म्हणाला आणि माझ्या मोबाइलकडे एक डोळा ठेवून त्याने दोन मिनिटांत तो मजकूर बडवून काढला.

प्रूफ मी तपासलं. फोन नंबर तीनदा, आकडा बोटाने दाबत. नंबर बरोबर होता. पाट्या छापून झाल्या आणि रातोरात लागल्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिला फोन. "काका, ते भेट म्हणजे पूर्ण फ्लॅट आहे का फक्त टोकन रक्कम?"

'मालकाकडून थेट' हे श्रीलिपीत जाता जाता 'मालकाकडून भेट' झालं होतं. थ आणि भ यांच्यात अंतर केवढं, एका वळशाचं. पण त्या वळशाने माझा ५२ लाखांचा फ्लॅट सिंहगड रस्त्यावर वाटपाला काढला.

फोन येत राहिले. एका बाईंनी विचारलं की भेट लकी ड्रॉमधून आहे की आधी येईल त्याला. एका मंडळाच्या कार्यकर्त्याने आमचं दानशूरपण ऐकून वर्गणीचं पुस्तक घेऊन यायची परवानगी मागितली. एक गृहस्थ मात्र कागदपत्रांचे पक्के निघाले. ते म्हणाले, "काका, भेटच द्यायची तर बक्षीसपत्र करा. महाराष्ट्रात मुलाला घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. विक्री केली तर पुण्यात सात टक्के, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. तुम्ही मला मुलगा माना, मी तुम्हाला पैसे देतो. घरातल्या घरात राहील."

फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याने चूक मान्य केली नाही, पण हरकतही घेतली नाही. "स्टिकर मारून देतो," म्हणाला. 'थे'चे चाळीस स्टिकर. ८०० रुपये. आता मोठा प्रश्न होता: चाळीसपैकी किती पाट्या जागेवर शिल्लक आहेत?

पाट्या लावणारा वेगळा. फ्लेक्सवाल्यानेच गाठून दिलेला. मोटरसायकल, बाजूला अडकवलेली घडीची शिडी, खिशात केबल टायची जुडी. पाटीमागे ६० रुपये. रात्री एक ते चार या वेळात काम. मी सरळ मनाने विचारलं, "आणि काढायचे वेगळे पैसे?"

"काढायचे कशाला? ते महापालिका फुकट काढते."

त्याची काम केल्याची पावती म्हणजे फोटो. प्रत्येक फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि इवलासा नकाशा. पहाटे साडेचारला माझ्या मोबाइलवर असे चाळीस फोटो येऊन पडले. इस्रोला शोभेल असा पुरावा. बँकेत बत्तीस वर्षं व्हाउचर तपासलेला माणूस मी, चष्मा लावून बसलो आणि एकेक फोटो मोठा करून पाहिला. एका पाटीच्या कोपऱ्याला पिंपळाचं वाळलेलं पान चिकटलं होतं. तेच पान, त्याच कोपऱ्याला, अकरा वेगवेगळ्या खांबांवर.

फोन केला. तो जराही गडबडला नाही. "काका, तो मास्टर बोर्ड आहे. लोकेशन दाखवायला फिरवावा लागतो."

उरलेल्या पाट्या शोधत मी स्कूटरवर निघालो. माणिकबागेपासून धायरी फाट्यापर्यंत जाताना मला आयुष्यात प्रथमच रस्त्यावरच्या खांबांकडे बघायची सवय लागली. तिथे केवढी वस्ती आहे! मूळव्याध, संमोहन, पेइंग गेस्ट, इंग्रजी बोलायला शिका, घरबसल्या पॅकिंगचं काम. प्रत्येक खांबावर तीन-चार थर. माझी पाटी पहाटे साडेतीनला लागली असेल तर पावणेचारला तिच्यावर 'किडनी स्टोन विनाऑपरेशन' आलेलं होतं. धायरी फाट्याला माझ्या दोन पाट्या मात्र ठळक दिसत होत्या. रस्त्याच्या दोन बाजूंच्या खांबांवर, समोरासमोर, आणि दोघींचे बाण एकमेकींकडे. म्हणजे फ्लॅट रस्त्याच्या मधोमध, दुभाजकात.

"अरे बाण तरी बघून लाव," मी म्हणालो.

"बाण बघून कुणी जात नाही काका. फोन करून पत्ताच विचारतात."

हे वाक्य मला तेव्हा उद्धट वाटलं होतं. पुढे त्याचा पुरेपूर प्रत्यय आला.

एक पाटी त्याने वडाला खिळ्याने ठोकली होती. ती बघून मला स्वतःची लाज वाटली, कारण आमच्या पुण्यात झाडांचे खिळे उपटत फिरणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्या संस्थेचं नाव 'अंघोळीची गोळी'. सुटीच्या दिवशी पक्कड घेऊन झाडांचे खिळे, तारा, पाट्या काढतात. त्यांनी एखाद्या रविवारी हा खिळा काढावा आणि त्याखाली माझा दहा आकडी नंबर असावा, हे मला सोसलं नसतं. शिडी नव्हती म्हणून स्कूटरच्या सीटवर उभं राहून मी ती पाटी काढली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं असेल की मी लावतोय. एकाने थांबून विचारलं, "भेट म्हणजे नक्की काय?"

आठवड्याभरात राहिलेल्याही पाट्या गेल्या. त्या कुठे जातात हे विचारताना मला महापालिकेतल्या एका विभागाचं नाव कळलं: आकाशचिन्ह व परवाना विभाग. मी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. एवढं सुंदर नाव ऐकून मला वाटलं, तिथे दुर्बिणी असतील, ग्रहणाच्या वेळा मिळत असतील. पण आकाशचिन्ह म्हणजे इमारतीवर किंवा खांबावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा जाहिरातफलक. इंग्रजीतला कुठलातरी गोरा शब्द कायद्याच्या मराठीत उतरवताना कुणा कारकुनाच्या आतला कवी जागा झाला असणार. मूळव्याधीची पाटीही त्याच्या लेखी आकाशचिन्हच.

परत हाती आलेल्या पाट्यांची दुसरी फेरी स्टिकरसह लावली, पुन्हा २,४०० रुपये. ती चार दिवस टिकली. त्यात मार्चचं ऊन असं पडलं की डिंक सुटून 'थे' गळाले आणि जिथे जिथे पाटी उरली तिथे माझं औदार्य पुन्हा प्रकट झालं.

फोनांचं म्हणाल तर भेट मागणाऱ्यांनंतर दुसरा मोठा वर्ग एजंटांचा. 'एजंट नको' हे शब्द वाचून ज्याला फोन करावासा वाटतो असा जगात एकच समाज आहे, तो म्हणजे एजंट. दिवसाला सात-आठ. "काका, मी एजंट नाही, चॅनल पार्टनर आहे." "काका, पार्टी हातात आहे, फक्त चावी द्या." "काका, एजंट नको असं लिहू नका, वाईट दिसतं, मी चांगली पाटी करून देतो, दीड टक्का." एकाने तर फ्लॅटविषयी काहीच विचारलं नाही, मला दुसरा फ्लॅट घ्यायचा आहे का, एवढंच विचारलं.

इथे आमचा मेव्हणा मैदानात उतरला. त्याचं स्वतःचं काही नसतं, पण त्याला सगळ्यातलं माहीत असतं. "भावजी, खांबाचे दिवस गेले. आता माणूस उभा करायचा. बिल्डर लोक बघा, शनिवार-रविवारी चौकाचौकात पोरं उभी करतात हातात बोर्ड देऊन. हातातला बोर्ड कोण काढणार?" त्याच्या ओळखीचा एक सप्लायर होता. मंडपाचं सामान, वाढपी, सुरक्षारक्षक आणि बोर्ड धरणारे असा त्याचा एकत्र व्यवसाय. दिवसाचे ६०० रुपये. दांडी बसवलेला मोठा बोर्ड वेगळा, ७०० रुपये. या वेळी 'थेट' हा शब्द मी स्वतः समोर बसून अक्षर अक्षर टाइप करून घेतला आणि बोटाने दाबून पाहिला.

शनिवारी सकाळी धायरी फाट्याला पोचलो तर तिथे आधीच पाच पोरं बोर्ड घेऊन उभी. माझा सहावा. या बोर्डांवरून मला पुण्याचा नवा भूगोल समजला. बाणेर ॲनेक्स, बावधन ॲनेक्स, कोथरूड एक्स्टेंशन. मूळ कोथरूड संपल्यावर दोन टेकड्या, एक महामार्ग आणि एक नाला ओलांडूनही कोथरूड एक्स्टेंशन चालूच राहतं. सगळं 'पाच मिनिटांवर'. कुठल्या वाहनाने आणि कुठल्या साली, ते लिहिलेलं नसतं. त्या मानाने आमची पाटी अगदीच गरीब. धायरी म्हणजे धायरी.

माझा पोरगा जिंतूरकडचा, परभणी जिल्ह्यातला. बारकुडा, डोळ्यांवर चष्मा. बोर्डाच्या मागच्या बाजूला त्याने रबरबँडने एक जाडजूड पुस्तक अडकवलं होतं.

"काय करायलास रे?" मी त्याच्या बोलीला बोली लावायचा प्रयत्न केला.

"वाचायलोय काका. राज्यसेवा." समोरून बोर्ड, मागून राज्यघटना. जाणाऱ्याला फ्लॅट दिसत होता, त्याला मूलभूत हक्क.

मी त्याला चहा पाजला आणि सहज माझ्या पाट्यांची कर्मकहाणी सांगितली. त्याने ती परीक्षेच्या प्रश्नासारखी ऐकून घेतली. मग म्हणाला, "खांबावर लावायला नव्हत्या पाहिजे काका. महापालिका अधिनियम १९४९, कलम २४४ आणि २४५, परवानगी लागती. आन् मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा १९९५. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. झाडाचा कायदा वेगळा, १९७५ चा."

"लावणाऱ्याला की लावून घेणाऱ्याला?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही. बोर्डावरच्या माझ्या फोन नंबरकडे मात्र त्याने सावकाश, पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत पाहिलं.

दोन दिवसांत त्याच्याकडून मी जे शिकलो ते बँकेच्या नोकरीत कधी शिकलो नाही. शेजारच्या पोराच्या बोर्डावर चौकोनी क्यूआर कोड का आहे? तर महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरच्या प्रत्येक जाहिरातीत तो सक्तीचा केलाय. नसला तर ५० हजारांपर्यंत दंड. कायदा चांगला आहे. पण तो कोड ज्याच्या हातात आहे तो पोरगा माश्या उडवत डुलत असतो, गाडीवाला सिग्नल सुटायच्या आत मोबाइल काढतो आणि तोवर मागचे वीस जण हॉर्न मारतात. त्या कोडमधून प्रकल्पाची माहिती घेतलेला माणूस मला त्या चौकात तरी दिसला नाही. आणि एजंटांनाही आता परीक्षा असते, हेही त्यानेच सांगितलं. नोंदणीसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, तेही २०२३ पासूनच. "जागा किती?" असं त्याने स्वतःशीच विचारलं आणि मग लक्षात आलं की या परीक्षेत जागा नसतात, पास झाला की झाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एजंटांविषयी हेवा दिसला.

काम तो प्रामाणिक करायचा. एकच अडचण होती: ऊन. बोर्ड चार फुटी आणि पोरगा बारकुडा, त्यामुळे बोर्ड ही चौकातली एकमेव सावली. सूर्य जिकडे, तिकडे बोर्ड. सकाळी तो बोर्डाचं तोंड उगवतीला करायचा, तेव्हा उजवीकडचा बाण नेमका नदीपलीकडे, कर्वेनगरकडे, म्हणजे माझ्या राहत्या घराकडे रोखलेला असायचा. भर दुपारी त्याने बोर्ड डोक्यावर आडवा घेतला. तेव्हा तो कायद्याच्या पूर्ण अर्थाने आकाशचिन्ह झाला, कारण तो फक्त आकाशालाच दिसत होता. चार वाजल्यानंतर ऊन कललं की बोर्ड मावळतीला वळायचा आणि बाण हळूहळू धायरीवर यायचा. म्हणजे ६०० रुपयांत मला दिवसातले दोन तास बरोबर दिशा मिळत होती. जयपूरच्या जंतरमंतरला तेवढं यंत्र बांधायला राजा लागला होता, हे मनाशी म्हणून मी समाधान मानलं.

त्याला दटावायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण ६०० मधले २०० सप्लायर कापून घेतो, हे कळल्यावर मी ४०० रुपयांच्या माणसाला ६०० रुपयांचं ऊन कसं खायला सांगणार? मी एक टोपी नेऊन दिली. त्याने ती पुस्तकावर घातली.

चार आठवडे, आठ दिवस, ४,८०० रुपये. पाचव्या शनिवारी तो आला नाही. परीक्षेची तारीख लागली होती. बदली आलेला पोरगा बोर्ड खांबाला टेकवून, त्याच्या आडोशाला शांत झोपला.

तोवर मला एक गोष्ट पुरती कळून चुकली होती. पाटी बाहेर द्यायला काढली की मजकूर फ्लेक्सवाल्याचा होतो, जागा लावणाऱ्याची होते, दिशा सूर्याची होते. आपला उरतो तो फक्त फोन नंबर, आणि तोही सगळ्या पुण्याचा.

आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक फोन आला. आवाज शांत. "फ्लॅट अजून आहे का? तुमची पाटी उलटी वाचली, एखादा आकडा चुकला असला तर माफ करा." पत्ता विचारला, संध्याकाळी नवरा-बायको आले, नळ सोडून पाहिले, खिडकी उघडून वारा पाहिला, वरच्या मजल्याच्या गळतीबद्दल विचारलं. म्हणजे घ्यायला आलेली माणसं. मी न राहवून विचारलं, "पाटी पाहिली कुठे? सगळ्या तर गेल्या."

"वडगावात रसवंतीवर. रस पीत बसलो होतो, वर पाहिलं तर छताला."

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. रसवंतीवाल्याने माझ्या सहा पाट्या जोडून छप्पर केलं होतं, छपाई आतल्या बाजूने, कारण बाहेरून पांढरं असलं की ऊन कमी लागतं. बाकावर बसून मान वर केली की आमची बिल्डिंग उलटी, पाण्याची टाकी खाली, भाजी मंडई वर. रस येईपर्यंत माणसाला पाच-सात मिनिटं दुसरा उद्योग नसतो. पुण्यातल्या कुठल्याही चौकात माझी पाटी कुणी इतका वेळ वाचली नसेल. एकाही पाटीचा बाण धायरीकडे नव्हता.

व्यवहार ५० लाखांवर ठरला. पाटीवरची 'भेट' त्यांनीही वाचली होतीच. "निदान पार्किंग तरी भेट द्या," ते हसत म्हणाले. पार्किंगचे वेगळे दीड लाख मागायचं मी ठरवून आलो होतो. पण जिंतूरच्या पोराने जाताजाता तेही शिकवून ठेवलं होतं: मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा फ्लॅटपासून तोडून बिल्डरलासुद्धा विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालय, २०१०. मी मोठ्या मनाने पार्किंग भेट दिलं.

रसवंतीवाल्याला बातमी कळली तेव्हा त्याने रसाचा पेला समोर ठेवला आणि विचारलं, "मग आमचं कमिशन?" बरोबरच होतं. साऱ्या साखळीत गिऱ्हाईक आणून देणारा तो एकटा, आणि पैसे न घेतलेलाही तो एकटाच. मी जिंतूरच्या पोराला फोन लावला. पूर्वपरीक्षा देऊन तो गावी गेला होता. त्याने क्षणभर विचार केला. "रेराचं कलम ९ बघा काका, नोंदणीशिवाय एजंटाला दलाली करता येत नाही. पण ते नोंदणी झालेल्या प्रकल्पापुरतं. तुमची बिल्डिंग २००४ ची. देऊन टाका."

दिले. पाच हजार. शिवाय त्याने उरलेल्या पाट्या मागितल्या. शेजारच्या पंक्चरवाल्याला आणि नारळवाल्यालाही छप्पर पाहिजे होतं. घरात अकरा होत्या, आणि त्यांत ती पिंपळाच्या पानाची मास्टर पाटीही होती. सगळ्या देऊन टाकल्या.

वहीतला हिशेब बायकोने पूर्ण केला: पाट्या ६,०००, स्टिकर ८००, लावणे ४,८००, दांडीचा बोर्ड ७००, पोरगा ४,८००, रसवंती ५,०००. एकूण २२,१००. एजंटाने दोन टक्क्यांनी ५० लाखांवर एक लाख घेतले असते, म्हणजे ७७,९०० वाचले, असं तिचं म्हणणं. त्यात माझं पेट्रोल आणि टोपी धरलेली नाही.

फ्लॅट विकून आता दीड वर्ष झालं. त्या अकरा आणि आधीच्या सहा पाट्या रसवंतीवरून गाडीवर, गाडीवरून गोठ्यावर अशा कुठे कुठे पोचल्या आहेत देव जाणे. परवा खेड शिवापूरहून फोन होता, कोंबड्यांच्या खुराड्यावर वाचून. तरी वाचकांपैकी कुणाला सिंहगड रस्त्यावर किंवा त्यापुढे 'मालकाकडून भेट' अशी पाटी दिसली, तर तिच्यावरचा नंबर खडूने, डांबराने, शेणाने, जे हाताला लागेल त्याने कृपया पुसावा. छप्पर काढू नये. खाली कुणीतरी सावलीला बसलेलं असेल. आणि फोन करू नये.